वाण निघाले, शिवारात किती पोचले?

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस, खरिपाच्या तोंडावर, राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीची बैठक भरते. शास्त्रज्ञांच्या बोलण्यात तिचे नाव ‘जॉइंट अ‍ॅग्रेस्को’. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी ती पाळीपाळीने फिरते. इतके वाण, इतकी अवजारे, इतक्या शिफारशी मंजूर झाल्या, अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. जुलै उजाडला की जिल्हा पानांवर कृषी पदवीचे विद्यार्थी, म्हणजे कृषिदूत आणि कृषिकन्या, दिसू लागतात: गावात स्वागत झाले, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवले, वृक्षारोपण केले. मग मेळावे, शिवारफेऱ्या, बियाणे विक्रीच्या रांगा. कृषी महाविद्यालय म्हणजे संशोधन, शिक्षण आणि विस्तार ही तीन कामे, आणि वर्षभर येणाऱ्या या बातम्या त्या तीन कामांच्याच असतात.

पण ही तीन कामे एकमेकांना धरून चालतात का? वर्गात शिकवणाऱ्याचा पाय प्लॉटवर पडतो का, आणि प्लॉटवर तयार झालेले बी शेतकऱ्याच्या तिफणीपर्यंत जाते का? शंभर वर्षांहून मोठा हा इतिहास पाहिला तर एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. जिथे संशोधक एखाद्या पिकाच्या ऐन मुलखात, छोट्याशा केंद्रावर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला, तिथे शेती बदलली. आणि आज सर्वाधिक दुर्लक्ष याच केंद्रांकडे होत आहे.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शेतीचे वर्ग 1879 मध्येच सुरू झाले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याचे स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले, त्याच सुमारास नागपूरचेही. पुण्याचे पहिले प्राचार्य हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. शेतीचा प्रश्न केवळ मातीच्या परीक्षणाने सुटणार नाही हे त्यांनी ओळखले आणि सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर, गटागटाने पाहणी केली. 1917 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखवले की 1771 मध्ये या गावात एका धारणेचे सरासरी क्षेत्र 40 एकर होते, ते 1915 पर्यंत 7 एकरांवर आले होते. जमिनीच्या तुकड्यांवर आज बोलताना आपण जे आकडे मांडतो, त्यांची पहिली नीट मांडणी एका कृषी महाविद्यालयाने केली आहे, हे विसरता कामा नये. दुसरी पाहणी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची. ती मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासोबत केली. कानिटकरांनी पुढे मांजरी आणि सोलापूर येथे कोरडवाहू शेतीवर काम केले. बांधबंदिस्ती, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, बी कमी, ओळींत अंतर जास्त आणि वारंवार कोळपणी ही ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ त्यातूनच आकाराला आली. अवर्षणाच्या पट्ट्यातला म्हातारा शेतकरी आजही हीच पंचसूत्री सांगतो. ती एखाद्या केंद्रातून आली, हे बहुधा त्याला कोणी सांगितलेले नसते.

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतल्या लँड ग्रँट महाविद्यालयांचा नमुना समोर ठेवून 1960 मध्ये पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात 1968 मध्ये राहुरीचे. विदर्भ आणि मराठवाडा गप्प बसले नाहीत. लोकांनी आंदोलने केली आणि अकोल्याला 1969 मध्ये, परभणी व दापोलीला 1972 मध्ये विद्यापीठे आली. या मागणीमागे प्रांताभिमान होताच, पण एक शहाणपणही होते. काळ्या कसदार जमिनीतला कापूस, जांभ्या दगडावरचा आंबा, गोदावरी खोऱ्यातली तूर आणि भीमेकाठची ज्वारी यांचा अभ्यास एका जागी बसून होणार नाही, हे लोकांना कळत होते.

रब्बी ज्वारीपासूनच सुरुवात करू. मालदांडी 35-1 हा वाण 1930 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला. त्यानंतर पाऊणशे वर्षे नवे वाण येत राहिले, तरी मालदांडी हलली नाही. कारण भाकरी. भाकरीची चव, कडब्याचा गोडवा आणि पाण्याच्या ताणात तग धरण्याची ताकद हे तिन्ही एका वाणात बसवणे फार अवघड. केवळ क्विंटल मोजणाऱ्या संकरित वाणांना रब्बीत शेतकऱ्याने दाद दिली नाही, आणि त्याचे बरोबर होते. राहुरीच्या शास्त्रज्ञांनी पुढे वेगळी वाट धरली. सगळ्यांसाठी एक वाण शोधण्याऐवजी त्यांनी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले: हलक्या, वीतभर-दीड वीत मातीच्या रानासाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. कागदावर ही गोष्ट साधी वाटते. पण कोरडवाहू रब्बीत पाऊस संपल्यावर पीक जगते ते मातीत साठलेल्या ओलीवर, आणि ओल किती साठणार हे मातीच्या खोलीवर ठरते. शेतकऱ्याने आपल्या रानात टिकाव मारून मुरूम किती खोल लागतो हे पाहिले की त्याला आपला वाण कळतो. माझ्या मते गेल्या काही दशकांतले हे सर्वांत शहाणे संशोधन आहे, कारण ते प्रयोगशाळेतून निघाले तरी त्याचे मोजमाप शेतकऱ्याच्या हातात आहे.

परभणीची भेंडीही अशीच. केवडा, म्हणजे यलो व्हेन मोझॅक या विषाणूजन्य रोगाने पानांच्या शिरा पिवळ्या पडून उठून दिसत आणि प्लॉटच्या प्लॉट वाया जात. गाजलेली पुसा सावनी याला बळी पडू लागली होती. मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी केला. अशा दूरच्या संकरातून येणारी रोपे बहुतेक वांझ निघतात. त्यातली टिकणारी निवडून, पुन्हा पुन्हा भेंडीशी संकर करून, रोगप्रतिकार राखत शेंगेचा आकार आणि कोवळेपणा परत मिळवायचा, हे पिढ्यानपिढ्या वाफ्यात उभे राहून करायचे काम. 1980 च्या दशकात त्यातून ‘परभणी क्रांती’ आली आणि मराठवाड्याबाहेर देशभर गेली.

केंद्र नेमके कुठे आहे, यावर किती अवलंबून असते ते सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथे दिसते. कृष्णाकाठचा हा भाग सोयाबीनवरील तांबेऱ्याचा बालेकिल्ला. रोग जिथे दरवर्षी हमखास येतो तिथेच निवड केल्यामुळे फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया हे वाण तांबेऱ्यापुढे टिकणारे निघाले. रोग नसलेल्या ठिकाणी दहा वर्षे चाचण्या घेऊनही हे साधले नसते. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरची तूर तीच साक्ष देते. बीएसएमआर 736 या नावातली अक्षरे बदनापूर आणि वांझ रोगाला प्रतिकार एवढेच सांगतात. नंतर आलेला बीडीएन 711 कमी दिवसांत येतो, त्यामुळे परतीचा पाऊस दगा देतो त्या वर्षीही हलक्या-मध्यम रानात पदरात काही पडते.

उसाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. नीरेच्या कालव्याखाली 1932 मध्ये पाडेगावचे केंद्र सुरू झाले. आपल्याकडे उसाला हवा तसा तुरा येत नाही, म्हणून संकर कोइमतूरला होतो आणि त्या बियांतून उगवलेल्या हजारो रोपांतून निवड पाडेगावला. को 86032, म्हणजे नीरा, हा वाण कारखाने आणि शेतकरी दोघांनाही मानवला. पण फुले 265 आला तेव्हा हितसंबंध वेगळे झाले. चोपण, खारवट जमिनीतही हा ऊस उंच आणि वजनदार येतो, त्यामुळे शेतकरी खूश. साखर उताऱ्याच्या चिंतेने काही कारखान्यांनी मात्र तो नोंदवून घ्यायला कुरकुर केली. वाण चांगला की वाईट हे कोणाच्या बाजूने पाहायचे, असा प्रश्न इथे पडतो. अशा वेळी विद्यापीठाने ठामपणे शेतकऱ्याच्या बाजूने आकडे मांडायला हवेत. कारखान्याकडे त्याचा स्वतःचा केमिस्ट असतोच.

कोकणात संशोधन आणि धोरण एकत्र आले तर काय होते ते दिसते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून रत्ना आणि पातळ कोयीची सिंधू हे आंब्याचे संकर आले, पण कोकणाचे चित्र बदलले ते काजूने. वेंगुर्ला 4, वेंगुर्ला 7 ही जोमदार कलमे हाताशी होती, मृदुकाष्ठ (सॉफ्टवुड) कलमाची पद्धत पक्की झाली होती, आणि 1990 मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली. खड्डे खणण्याची मजुरी, कलमे, खत, बहुतेक सारे सरकारी खर्चाने. ओसाड कातळ आणि वरकस जमीन झाडांखाली आली. वेंगुर्ल्याची काजू कलमे गोव्यातही गेली. कलम आधी तयार नसते तर ती योजना नुसती खड्ड्यांची राहिली असती, आणि योजना नसती तर कलमे रोपवाटिकेतच म्हातारी झाली असती. दापोलीच्या ‘नूतन’ झेल्याचेही इथे नाव घ्यायला हवे. देठासकट आंबा काढणारे हे साधे अवजार. त्यामुळे चीक फळावर ओघळून डाग पडत नाही आणि बागायतदाराला दर मिळतो. अकोल्याच्या पीकेव्ही मिनी डाळ मिलमुळे विदर्भातल्या कितीतरी बचत गटांना घरच्या तुरीची डाळ गावातच करून विकता आली. वाणांच्या बातम्यांत अवजारे नेहमी मागे पडतात. ती पुढे यायला हवीत.

आता कापूस. नांदेडच्या केंद्रातून आलेला एनएचएच 44 हा संकर वाण मराठवाडा-विदर्भात घराघरांत माहीत होता. 2002 नंतर बीटी आले आणि बियाण्याचा सारा बाजार खासगी कंपन्यांकडे गेला. विद्यापीठांच्या वाणांत बीटी जनुक घालण्याचे काम रेंगाळत राहिले. नांदेड 44 चा बीटी अवतार शेतकऱ्याला मिळायला दीड दशक लागले, आणि तोवर गुलाबी बोंडअळीने बीटीचे कवच भेदलेले होते. 2017 चा हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना बोंड फोडल्यावर आत दिसणारी ती अळी विसरता येणार नाही. संशोधन योग्य होते, पण वेळ गेली. या पिकात विद्यापीठे हरली, आणि त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने दर हंगामाला पाकिटामागे मोजली.

वाण मंजूर झाल्यावर पुढची वाट लांब असते. आधी पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, मग प्रमाणित, आणि मग राज्य बियाणे महामंडळाची, म्हणजे महाबीजची, किंवा इतरांची पिशवी. या साखळीतला एक दुवा सैल झाला की वाण पुस्तकातच राहतो. जबलपूरहून 1994 मध्ये आलेले सोयाबीनचे जेएस 335 पाव शतकानंतरही शेतात ठाण मांडून होते. त्याचे एक कारण वाणाची गुणवत्ता, दुसरे म्हणजे त्याचे बी सहज मिळत होते. नव्या वाणांचे बी हवे तेव्हा, हवे तितके मिळाले नाही. परभणीला 18 मे या वर्धापनदिनी खरीप मेळाव्यात बियाण्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात. त्या रांगेत शेतकऱ्याचा विद्यापीठावरचा विश्वास उभा असतो. ती रांग पाहून आनंद होतो आणि राग येतो, कारण विश्वासाच्या मानाने पोती फार थोडी असतात.

ज्ञानाची वाट दोन्ही बाजूंनी असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडत, पुढच्या हंगामांत लावत त्यांनी बारीक दाण्याचा वाण तयार केला. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याचे नाव पडले एचएमटी. पूर्व विदर्भ आणि छत्तीसगडपर्यंत तो पसरला. 1994 मध्ये अकोला विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बी घेतले आणि 1998 मध्ये विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. शुद्धीकरणाचे काम आपले, अशी विद्यापीठाची भूमिका होती. पण मूळ निवड करणाऱ्या अल्पभूधारक माणसाचे नाव त्यात नव्हते. पुढे 2005 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. 2018 मध्ये ते वारले, तेव्हा आजारपणात त्यांच्या कुटुंबाला पैशाची चणचण होती. वाणांवरच्या हक्काचा 2001 चा कायदा आता शेतकऱ्यालाही पैदासकार मानतो. द्राक्षात तर हे आधीपासून घडत आले आहे: तास-ए-गणेश वसंतराव आर्वे यांच्या बोरगावच्या बागेतून आले, सोनाका नानासाहेब काळे यांच्या नान्नजच्या बागेतून. प्रत्येक केंद्रावर परिसरातल्या अशा निवडींची नोंदवही असली पाहिजे, निवडणाऱ्याच्या नावासकट.

शिक्षणाकडे वळले की बातमी संख्येची असते. या शतकाच्या सुरुवातीपासून राज्यात खासगी कृषी महाविद्यालये झपाट्याने वाढली आणि आज ती सरकारी महाविद्यालयांच्या कितीतरी पट आहेत. मुलींची संख्या लक्षणीय वाढली, ही फार चांगली गोष्ट. ग्रामीण मुलांना पदवीची दारे उघडली, हेही चांगलेच. पण अनेक ठिकाणी पुरेसे प्रक्षेत्र नाही आणि पूर्णवेळ प्राध्यापक मोजके. हुशार मुले दुसऱ्या वर्षापासूनच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नोकरीचा दुसरा भरवशाचा रस्ता आपण त्यांना दाखवलेला नाही.

अभ्यासक्रमातला सगळ्यात जिवंत भाग म्हणजे सातव्या सत्रातला ग्रामीण कार्यानुभव, मुलांच्या भाषेत ‘रावे’. याच कार्यक्रमातून गावात कृषिदूत आणि कृषिकन्या येतात. एखाद्या ओट्यावर ताडपत्री अंथरलेली असते. मुलगी ओल्या गोणपाटावर मोजून 100 सोयाबीनचे दाणे ओळीत मांडते, गुंडाळी करते, पाणी शिंपडते आणि काही दिवसांनी पुन्हा येऊन कोंब मोजते. 70 च्या वर उगवले तर घरचे बी बिनधास्त पेरा, कमी असतील तर बियाण्याचे प्रमाण वाढवा. मग बीजप्रक्रिया: आधी बुरशीनाशक, सावलीत वाळवणे, आणि शेवटी गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. क्रम उलटा झाला तर बुरशीनाशक जिवाणूंनाच मारते, हे ती ठासून सांगते. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींनी राज्य हादरले, दुबार पेरणीची वेळ आली. त्या वर्षी हे गोणपाट ज्यांनी करून पाहिले त्यांचे नुकसान टळले. सोयाबीन स्वपरागीत पीक, त्यामुळे चांगले बी तीन हंगाम घरचे चालते. ही माहिती कंपनीचा माणूस सांगणार नाही, ती या मुलीनेच सांगायची. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी रावेचे दिवस वहीत भरण्यासाठी उरतात: बॅनर, फोटो, सरपंचांची सही. चांगला मार्गदर्शक प्राध्यापक सोबत असेल तरच त्या दिवसांना अर्थ येतो.

विस्ताराची सरकारी यंत्रणा मोठी आहे. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र 1974 मध्ये पुद्दुचेरीला निघाले. महाराष्ट्रात डहाणूजवळच्या कोसबाडचे केंद्र सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक, आणि आता राज्यात 50 च्या आसपास केंद्रे आहेत. विद्यापीठांच्या दैनंदिन्या, परभणीचे ‘शेतीभाती’, राहुरीची ‘श्री सुगी’, अकोल्याची शिवारफेरी, दूरदर्शनवरचे ‘आमची माती आमची माणसं’ यांनी पिढ्या घडवल्या. तरीही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 70 व्या फेरीत दिसले की देशातल्या सुमारे 59 टक्के शेतकरी कुटुंबांना कुठूनही तांत्रिक सल्ला मिळालेला नव्हता. सल्ला नसतो तेव्हा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार असतो. तो गावचाच, उधारीवर माल देणारा, आणि पीक पिवळे पडले की पान घेऊन त्याच्याच काउंटरवर जायचे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. किडीची वाढ, औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांविना फवारणी ही कारणे सांगितली गेली. ती खरीच. पण त्या माणसांना कोणते औषध, किती, कशासोबत मिसळू नये हे सांगणारा माणूस बांधावर नव्हता, हेही कारण आहे.

माणूस बांधावर नाही कारण तो केंद्रातही नाही. चारही विद्यापीठांतली मंजूर पदे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिकामी आहेत. आधी मुख्यालयातल्या वर्गांची सोय बघितली जाते, आणि आडगावच्या केंद्राला उरतो एक प्रभारी, काही रोजंदारी मजूर आणि नादुरुस्त पंप. वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. पैदासकार निवृत्त झाला आणि त्याच्या जागी तीन वर्षे कोणी आले नाही, तर वाफ्यातल्या पिढ्यांचे धागे तुटतात. ते पैशाने परत जोडता येत नाहीत.

म्हणून जॉइंट अ‍ॅग्रेस्कोकडून माझी एक साधी अपेक्षा आहे. नव्या वाणांच्या यादीशेजारी मागच्या दहा वर्षांत मंजूर झालेल्या वाणांची यादी छापावी. प्रत्येकाच्या समोर गेल्या हंगामात पैदासकार बियाण्याची मागणी किती होती, दिले किती, आणि तो ज्या केंद्रातून निघाला तिथे मंजूर पदे किती, भरलेली किती, एवढे चार रकाने असावेत. हे आकडे विद्यापीठांच्या दफ्तरात आजही आहेत.